आमच्या केळ्याला साक्षीला ओढू नका

अणुवीज आणि तिच्या कचऱ्याबद्दल कुणी शंका काढली, की हल्ली एक ठरलेले उत्तर मिळते. "अहो, केळ्यातसुद्धा किरणोत्सर्ग असतो! केळी खाताना घाबरता का?" झाले. शंका काढणारा ओशाळतो, बाकीचे हसतात आणि विषय संपतो. आमच्या घरच्या मोबाइलवरच्या गटातही हे वाक्य तीन वेळा येऊन गेले. एकदा पुण्याच्या भाच्याकडून, एकदा ठाण्याच्या व्याह्यांकडून आणि एकदा कुणी पाठवले ते कळलेच नाही. तिघांनीही एक गोष्ट लक्षात घेतली नाही. आपण हे जळगावच्या माणसाला सांगतो आहोत!

मित्रहो, केळ्याचा अपमान आम्ही सहज सहन करत नाही. रावेर-यावलच्या बागांवर या जिल्ह्यातली किती घरे उभी राहिली, किती पोरे शिकली, हे मी शाळेच्या फीच्या पावत्यांवरून सांगू शकतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. असे हे आमचे सालस फळ एका भलत्याच खटल्यात साक्षीदार म्हणून उभे केले जाते आहे, आणि साक्षही अर्धीच घेतली जाते आहे. म्हणून उलटतपासणी करणे भाग आहे.

आधी खरे तेवढे मान्य करू. केळ्यात पोटॅशियम असते. जगातल्या सगळ्या पोटॅशियमचा अगदी बारीक अंश, म्हणजे दहा हजारांत एखादा अणू, पोटॅशियम-४० या किरणोत्सर्गी जातीचा असतो. मध्यम आकाराच्या एका केळ्यात दर सेकंदाला असे पंधरा-एक अणू फुटतात. हे शंभर टक्के खरे आहे. पण पुढचे वाक्य कुणी सांगत नाही. आपल्या शरीरातच सुमारे १४० ग्रॅम पोटॅशियम असते आणि त्यातले चार हजारांवर अणू दर सेकंदाला फुटत असतात. शरीर पोटॅशियमचा हिशेब काटेकोर ठेवते. केळे खाल्ले की जास्तीचे पोटॅशियम काही तासांत बाहेर टाकते. म्हणजे डझनभर केळी खाल्ली तरी पोट बिघडेल, किरणोत्सर्ग साठणार नाही.

आता अणुभट्टीच्या कचऱ्याकडे या. त्यात सीझियम-१३७ असते. ते पोटॅशियमची नक्कल करून स्नायूंत शिरते. स्ट्राँशियम-९० असते. ते कॅल्शियमची नक्कल करून हाडात जाऊन बसते आणि लवकर निघत नाही. ही दोन्ही द्रव्ये युरेनियमचा अणू फोडल्याने तयार होतात. नुकत्याच काचेत ओतलेल्या अतिकिरणोत्सर्गी कचऱ्याच्या उघड्या डब्याजवळ माणूस काही मिनिटे उभा राहिला तरी जिवाला मुकेल. आणि याची तुलना कशाशी, तर शिरा करताना घातलेल्या केळ्याशी! दिव्याची वातही आग आणि वणवाही आग, म्हणून वणव्याला भिणारा मूर्ख ठरतो काय?

इथवर वाचून काही मंडळींना वाटेल, मास्तर अणुविरोधी झाले. तर तसे मुळीच नाही. दुसऱ्या बाजूच्या भोंदूपणावर मी आधी दोन शब्द बोलतो. 'अणू' म्हटले की मृत्यू, एवढेच ज्यांना ठाऊक, त्यांनी आधी आपल्या शेजारच्या लासलगावला जाऊन यावे. तिथे २००२ पासून कांद्यावर कोबाल्ट-६० चे गॅमा किरण टाकून त्याला मोड येणे थांबवणारे केंद्र आहे. २००७ मध्ये आपला आंबा अमेरिकेला जाऊ लागला तो याच केंद्रातून किरण घेऊन. त्याने कांदा किंवा आंबा किरणोत्सर्गी होत नाही. उन्हात उभा राहिलेला माणूस सावलीत आल्यावर चमकत नाही, तसेच हे. भाभा अणुसंशोधन केंद्राने काढलेले भुईमुगाचे टॅग-२४ आणि उडदाचे टीएयू-१ हे वाण महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी पेरले आणि त्यांचा दाणा आपण खाल्ला आहे. ट्रॉम्बेच्या 'आयसोमेड'मध्ये १९७४ पासून दवाखान्यांचे साहित्य गॅमा किरणांनी निर्जंतुक होते. माझ्या वयाच्या लोकांना लग्नाच्या वरातीतल्या पेट्रोमॅक्स बत्त्या आठवत असतील. तिच्या मेंटलमध्ये थोरियम असे. जळके मेंटल फुंकून उडवताना कुणी कायदा विचारला नव्हता. तेव्हा किरणांचे सोवळे मला नाही.

कचऱ्यावरच्या संशोधनालाही मी नावे ठेवणार नाही. उलट ते फार मोलाचे आहे आणि मराठी माणसाला त्याची माहिती नाही याचे वाईट वाटते. जळालेले इंधन आम्लात विरघळवून त्यातले कामाचे युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळे काढतात. उरतो तो अतिकिरणोत्सर्गी द्राव. आकारमानाने सगळ्या अणुकचऱ्यात तो जगभर जेमतेम तीन टक्के, पण किरणोत्सर्गाचा पंचाण्णव टक्के वाटा त्याचाच. हा द्राव बोरोसिलिकेट काचेत एकजीव करून पोलादी डब्यात ओतायचा, ही विद्या आपल्या लोकांनी तारापूरला १९८५ मध्ये चालू करून दाखवली. नंतर ट्रॉम्बे, कल्पाक्कम. काच का? तर काच पाण्यात सहज विरघळत नाही आणि अनेक मूलद्रव्ये आपल्या जाळ्यात धरून ठेवते. आता तर त्या द्रावातून सीझियम वेगळे काढून त्याच्या काचकांड्या करतात. रक्तपेढ्यांत रक्तावर किरण टाकण्याच्या यंत्रात त्या बसतात. काल ज्याला कचरा म्हणत होतो, ते आज रुग्णाच्या कामी येते आहे. हे काम करणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार.

मग भांडण कुठे आहे? भांडण पुढच्या प्रश्नाचे आहे. काचेत बंद केलेला हा ऐवज ठेवायचा कुठे, सांभाळायचा कुणी आणि किती वर्षे?

तारापूरला हवेने थंड होणाऱ्या साठवणगृहात हे डबे ठेवतात. ही सोय काही दशकांची. त्यानंतर ते जमिनीखाली खोल, घट्ट खडकात पुरायचे असे जगभरच्या शास्त्रज्ञांचे मत आहे. आपल्याकडे असे पुरण्याचे ठिकाण आजही नाही. १९८० च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे हजार मीटर खोल बंद पडलेल्या भागात, खडक तापवून तो कसा वागतो याचे प्रयोग झाले. पुढे २००१ मध्ये खाणच बंद झाली. सरकारचे म्हणणे असे, की आपण इंधनावर पुनर्प्रक्रिया करतो, कचरा थोडाच उरतो, तेव्हा पुरण्याची घाई नाही. १९६९ मध्ये तारापूरची पहिली वीज आली. तेव्हा जन्मलेल्या मुलांना आता नातवंडे झाली, आणि उत्तर अजून 'घाई नाही' हेच आहे. वर्गात असे उत्तर देणाऱ्या पोराला मी बाकावर उभे केले असते.

आता काळाचा हिशेब पाहू. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य तीस वर्षांचे. दहा अर्धायुष्ये गेली की हजाराव्या भागाइतके उरते, म्हणजे तीनशे वर्षे. पुनर्प्रक्रियेनंतर उरणारे अमेरिशियम, नेप्ट्युनियम मात्र याहून चिवट. त्यांतल्या काहींची अर्धायुष्ये हजारो ते लाखो वर्षांची आहेत. ती द्रव्येही वेगळी काढून पुढे भट्टीत जाळून टाकावीत असा तारापूरला प्रयोग चालू आहे. तो पूर्ण साधला तर राखण तीनशे-पाचशे वर्षांवर येईल असे म्हणतात. साधो, बापडे! पण तीनशे वर्षे म्हणजे तरी किती? थोरले बाजीराव पेशवे झाले ते १७२० मध्ये. त्यांच्या कारकिर्दीत कुणी एक पेटी दिली असती आणि 'उघडू नका' असे सांगितले असते, तर आज ती कुठे असती?

कल्पना कशाला, आपल्या खानदेशातलाच पुरावा देतो. चाळीसगावजवळ पाटणादेवीला आपण सगळे गेलो आहोत. तिथे शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापला आणि निकुंभ राजांनी त्याच्या खर्चाला उत्पन्न तोडून दिले, असे त्यात लिहिले आहे. संस्था ज्ञानाची, राजाश्रय पक्का, उत्पन्नाची तरतूद कायमची, लेख दगडात कोरलेला. याहून चांगली व्यवस्था आजचे सरकार तरी काय करणार? आठशे वर्षांनी दगड आहे, मठ नाही. मधल्या काळात तर तो दगड काय सांगतो हेही गावाला वाचता येत नव्हते. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला तेव्हा कळले. ज्या देशात गणिताचा मठ आठशे वर्षांत असा पुसला जातो, त्या देशाने 'आम्ही सांभाळू, काळजी नको' असे म्हणताना आवाज जरा खाली ठेवावा.

शास्त्रज्ञ म्हणतील, म्हणूनच तर खोल पुरायचे, मग राखणदाराची गरज नाही. मान्य! मग ती जागा शोधा, लोकांना सांगा, चर्चा करा. पुरण्याचे नाव नाही आणि राखणीचीही चर्चा नाही, हे चालणार नाही.

"मास्तर, तुम्ही मराठी घेऊन बी.ए. झालेले. तुमले काय करनं शे अणूशी?" असे आमचे एक स्नेही अहिराणीत विचारतात. प्रश्न रास्त आहे. मला अणू फोडता येत नाही. पण बत्तीस वर्षे सरकारी अनुदानाच्या शाळेत काढल्याने एक शास्त्र मला पक्के येते. ते म्हणजे जडवस्तू नोंदवही, आपले डेड स्टॉक रजिस्टर. त्यात बाकापासून पृथ्वीच्या गोलापर्यंत प्रत्येक वस्तू लिहिलेली असते. मुख्याध्यापक बदलले की चार्ज देताना ती नोंदवही फिरते. पहिल्या बदलीत सगळे जुळते. दुसऱ्या बदलीत 'नादुरुस्त' असा शेरा पडतो. तिसऱ्या बदलीत ती वस्तू काय होती हे सांगणारा शिपाईही निवृत्त झालेला असतो. मग एका दिवाळीच्या सुट्टीत अडगळीची खोली साफ होते, भंगारवाला येतो, वजनावर पैसे देतो आणि नोंदवहीत 'निर्लेखित' लिहून सही होते. एका शाळेत तर शास्त्राच्या कपाटातल्या लेबल गळालेल्या बाटल्या अशाच गेल्या. त्यांत काय होते ते आजपर्यंत कुणाला माहीत नाही. कुणी चोर नव्हते. सगळे नियमाने झाले होते!

हे हसण्यावारी नेऊ नका. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात हेच घडले. तिथे कोबाल्ट-६० चे एक यंत्र होते. १९८५ नंतर ते वापरात नव्हते. २०१० च्या फेब्रुवारीत विद्यापीठाने ते भंगार म्हणून लिलावात विकले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले गेले. एप्रिलमध्ये माणसे आजारी पडू लागली, कातडी काळी पडली, एक जण दगावला. यंत्र कुणी लपवून नेले नव्हते. विद्येच्या माहेरघरातून, कागद करून, सही-शिक्क्यानिशी ते बाहेर पडले. विसरायला किती वर्षे लागली? फक्त पंचवीस! १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात सोडून दिलेल्या दवाखान्यातले सीझियमचे यंत्र भंगार वेचणाऱ्यांनी नेले. निळसर चमकणारी भुकटी लोकांनी कौतुकाने घरोघर वाटली. चार माणसे गेली आणि लाखावर लोकांची तपासणी करावी लागली.

मायापुरीनंतर तरी वही नीट झाली असेल असे वाटते ना? २०१२ मध्ये देशाच्या महालेखापालांनी अणुऊर्जा नियामक मंडळाची तपासणी केली. देशातल्या सगळ्या किरणोत्सर्गी स्रोतांची तपशीलवार यादीच मंडळाकडे नाही, असा शेरा त्यांनी मारला. म्हणजे डेड स्टॉक रजिस्टरच अपुरे! शिवाय ज्या खात्यावर लक्ष ठेवायचे त्याच व्यवस्थेच्या हाताखाली मंडळ बसते, हेही त्यांनी दाखवले. मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले होते. एकोणतीस वर्षांनंतरचा हा शेरा आहे.

"पण दीपनगरची राख चालते का तुम्हाला?" हा पुढचा प्रश्न. चालत नाही हो! भुसावळजवळच्या औष्णिक केंद्राची राख आपल्या जिल्ह्याला परकी नाही. आपल्या देशी कोळशात तिसऱ्या हिश्श्याहून अधिक राखच असते. कोळशात युरेनियम-थोरियमचा लेश असतो आणि कोळसा जळल्यावर तो राखेत एकवटतो, हेही खरे. अणुवाले निदान आपला कचरा काचेत घालतात, कोळशाचा उघड्यावर पडतो, हा मुद्दा मी त्यांच्या पारड्यात टाकतो. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? एका पोराचे अक्षर वाईट म्हणून दुसऱ्याचा अभ्यास तपासायचा नाही, असा? दीपनगरने खानदेशाला शिकवलेला धडा एवढाच, की वीज दूर जाते आणि राख गावात राहते. तोच धडा घेऊन आम्ही अणुकचऱ्याचा प्रश्न विचारतो आहोत.

आणि हा प्रश्न आमच्यापासून दूर नाही. आपली तापी भुसावळवरून, सारंगखेड्यावरून वाहत गुजरातेत जाते आणि उकाईच्या खाली काकरापारच्या अणुभट्ट्यांना पाणी पुरवते. सुरतेच्या गाडीने नवापूर ओलांडले की व्यारा येते, तिथून काकरापार जवळच. आम्ही वरच्या अंगाला आहोत, त्यांचे पाणी आमच्याकडे येत नाही हे कबूल. पण काकरापारला २०२३ आणि २०२४ मध्ये ७०० मेगावॉटच्या दोन नव्या भट्ट्या सुरू झाल्या, हे आमच्या किती लोकांना माहीत आहे? नदी आमची, वीज देशाची, मग माहिती कुणाची?

इथेच खरे दुखणे आहे. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने माहिती गुप्त ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला. त्यात नियामक मंडळाला कायद्याचा आधार मिळाला, हे चांगले झाले. पण माहिती गुप्त ठरवण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडेच ठेवला. शिवाय खासगी कंपन्यांना भट्ट्या उभारण्याची दारे उघडली, आणि पुनर्प्रक्रिया व अतिकिरणोत्सर्गी कचरा मात्र सरकारकडे राहिला. खासगी कंपनीच्या हाती हा कचरा जाऊ नये हे मलाही पटते. पण हिशेब पाहा. विजेचे पैसे कंपनीला, आणि तीनशे वर्षांची राखण तुमच्या-माझ्या पणतू-खापरपणतूंच्या करातून! २०२५ मध्ये देशातली अणुवीज क्षमता सुमारे ८,८०० मेगावॉट होती. ती २०४७ पर्यंत एक लाख मेगावॉट करण्याचे लक्ष्य जाहीर झाले आहे. क्षमता अकरा पटीने वाढणार आणि कचऱ्याच्या शेवटच्या जागेचा पत्ता नाही. लग्न ठरले, पत्रिका वाटल्या, आणि जेवणावळीचे उष्टे कुठे टाकायचे ते विचारणारा अपशकुनी!

विचारून काम होते, हे फिनलंडने दाखवले आहे. तिथे एउरायोकी नावाच्या लहानशा नगराला कचरा पुरण्याची जागा नाकारण्याचा कायदेशीर हक्क होता. त्या नगराने २००० मध्ये होकार दिला, २००१ मध्ये संसदेने मान्यता दिली, २००४ मध्ये खोदाई सुरू झाली आणि २०२४ मध्ये सुमारे ४३० मीटर खोलीवर, खरे इंधन न घालता, रंगीत तालीम सुरू झाली. ज्याला 'नाही' म्हणता येते, त्याच्याच 'हो'ला किंमत असते. आपल्याकडे तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. त्यांना पुनर्वसनासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. जैतापूरच्या आंदोलनात २०११ च्या एप्रिलमध्ये गोळीबार होऊन एक माणूस मेला. होकार मागण्याची ही रीत नव्हे.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. देशात कोणता किरणोत्सर्गी ऐवज किती आहे, कुणाच्या ताब्यात आहे आणि तो वर्षातून केव्हा मोजला, याची नोंदवही लोकांपुढे उघडी असावी. चोराच्या हाती लागेल इतका तपशील देऊ नका, पण तालुक्याच्या माणसाला कळेल इतका द्या, आणि मराठीत द्या. कचरा कायमचा पुरण्याची जागा कशी निवडणार आणि तिथल्या ग्रामसभेला 'नाही' म्हणता येईल का, हे नव्या भट्टीचे भूमिपूजन करण्याआधी ठरवा. आणि राखणीचा पैसा वीज विकणाऱ्याने आजच बाजूला काढून ठेवावा. यात विज्ञानाला विरोध कुठे आहे? ट्रॉम्बे-तारापूरच्या शास्त्रज्ञांनी आपला अभ्यास केला आहे. गृहपाठ बाकी आहे तो राज्यकर्त्यांचा.

माझ्या भाचे-पुतण्यांना एवढेच सांगणे. पुढच्या वेळी कुणी केळे पुढे केले की ते सोलून खा, आणि खाता खाता शांतपणे विचारा: डबे किती, ठेवलेत कुठे आणि चार्ज कुणाकडे आहे?